प्रतिसृष्टीची पूर्वतयारी

त्रिशंकूला सदेह स्वर्गास पाठविण्याचा विश्वामित्राचा हट्ट देवांनीं मोडून काढला, तेव्हां त्या कोपिष्ट ऋषीनें दुसरी सृष्टि रचावयास घेतली, ही कथा आमच्या वाचकांच्या घरांतील लहान मुलांसहि ठाऊक असेल. परंतु तिच्यांतला एक बारकावा सहसा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. बालकांडांत विश्वामित्र प्रथम रचतो तें आकाश: दक्षिण दिशेस नवे सप्तर्षि आणि नवी नक्षत्रमाला. नवा इंद्र निर्माण करण्याची धमकी त्यानंतरची. नारळ, म्हैस इत्यादि वस्तु तर लोककथांनीं त्याच्या नांवावर मागाहून चढविल्या. क्रोधानें ज्याचें भान हरपलें होतें असा तो तपस्वी क्रम मात्र चुकला नाहीं. ज्याच्या आधारें दिशा ओळखावयाच्या, काळ मोजावयाचा व ऋतु ठरवावयाचे, तें त्यानें अगोदर सिद्ध केलें. सिंहासनावर कोण बसणार हा प्रश्न नंतर घेतला.

हा क्रम आज आठवण्याचें कारण असें कीं, प्रतिसृष्टि रचणें हा अलीकडे अनेक सुशिक्षित घरांतील तरुण-तरुणींचा, आणि क्वचित् सेवानिवृत्त वडीलधाऱ्यांचाहि, छंद होऊन बसला आहे. कथेच्या आधीं कथेचें जग रचावें. त्याचा नकाशा, इतिहास, चालीरीती व भाषा लिहून काढाव्यात. आणि हें सारें ठराविक मुदतींत पुरें करण्याची पैज लावावी, असा हा प्रकार आहे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को येथें १९९९ सालीं कांहीं मित्रमंडळींनीं एका महिन्यांत ५०,००० शब्दांची कादंबरी लिहिण्याचा उपक्रम आरंभिला. पुढें तो नोव्हेंबर महिन्याचा जणूं कुळाचारच झाला आणि देशोदेशीं पसरला. तो चालविणारी संस्था २०२५ सालीं बंद पडली, तरी पैजेची कल्पना मागें राहिली. डिसेंबर महिन्यांत घेतलें जाणारें ‘वर्ल्डएम्बर’ हें आव्हान तर केवळ जगरचनेचेंच आहे: आपल्या कल्पित जगाविषयीं एका महिन्यांत १०,००० शब्द. ३१ दिवसांवर वांटणी केली तर रोजचे सव्वातीनशेहि शब्द भरत नाहींत. एवढें तर माहेरीं धाडलेल्या एखाद्या लांबलेल्या पत्रांत सहज लिहून होतें.

मग इतकीं माणसें अर्ध्या वाटेवर कां थांबतात? अडचण शब्दसंख्येची नाहीं. पहिल्या आठवड्यांत राजे, राजवाडे, तलवारी व शापवाणी यांची भर पडते. दुसऱ्या आठवड्यांत लेखकाला कळेनासें होतें कीं, या जगांत अमुक गोष्ट कां घडावी आणि तमुक कां घडूं नये. जेथें कांहींहि घडूं शकतें तेथें घडलेल्या गोष्टीला किंमत राहत नाहीं. नायिका संकटांत सांपडली तरी वाचकाच्या काळजाचा ठोका चुकत नाहीं, कारण पुढच्या पानावर एखादा सिद्धपुरुष उगवणार हें त्याला ठाऊक असतें. म्हणून पूर्वतयारी करावयाची ती शब्दांची नसून नियमांची करावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि हे नियम कसे शोधावेत हें शिकण्यास लांब जाण्याचें कारण नाहीं. आमचीं कित्येक वाचक-कुटुंबें सुटींत जेथें जातात तें महाबळेश्वर या विद्येची उत्तम पाठशाळा आहे.

महाबळेश्वराचा धडा

महाबळेश्वरीं गेलेला पाहुणा सूर्यास्त पाहतो, वेण्णा तलावांत नाव वल्हवितो, स्ट्रॉबेरी खातो व परततो. आम्ही त्याला आणखी एक काम सुचवितों. हें स्थळ कोणीतरी नव्यानें रचलेलें जग आहे असें क्षणभर समजावें, आणि रचणाऱ्यानें मुळांत किती थोड्या गोष्टी ठरविल्या असतील याचा शोध घ्यावा.

मुळांत ठरलेली गोष्ट एकच दिसेल: समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेंत एक उंच भिंत उभी आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच. पश्चिमेस कोंकण एकदम खोल उतरतें. पावसाळी वारे या कड्यावर चढतात, थंडावतात आणि आपलें ओझें येथेंच टाकतात. वर्षाकाठीं येथें सुमारें ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस पांचगणीस येतां येतां तो एकतृतीयांशाच्या आसपास उरतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईस पोंचावें तों तो हजार मिलिमीटरांच्याहि आंत आलेला असतो. मोटारीनें तासाभराची वाट. पण त्या तासांत भाताचा व नाचणीचा मुलूख सरून ज्वारीचा मुलूख लागतो, आणि पावसाविषयींची माणसांची प्रार्थनाच बदलते. वर तो थांबावा म्हणून देवाला आळवितात, खालीं तो यावा म्हणून. वरच्या बंगल्यांच्या भिंती पूर्वीं पावसाळ्याच्या तोंडावर गवताच्या जाड पडद्यांनीं झांकीत, आणि उन्हाळी पाहुणे जून लागण्यापूर्वींच गाशा गुंडाळीत. एका भिंतीमुळें छप्पर, पीक, प्रवासाचा हंगाम व देवाजवळचें मागणें, सर्व ठरलें.

दुसरी गोष्ट पायांखालची. माथ्यावर जांभ्या दगडाचा सच्छिद्र थर आहे व त्याखालीं काळा कातळ. जांभ्यांत मुरलेलें पाणी खालीं अडतें आणि झऱ्यांच्या रूपानें बाहेर पडतें. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम मानितात. पश्चिमसमुद्र सरळ रेषेंत शंभर किलोमीटरहि दूर नाहीं. तरी कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून सुमारें १,४०० किलोमीटरांची यात्रा करीत बंगालच्या उपसागरास मिळते. वेण्णा तिला माहुलीस भेटते, कोयना कऱ्हाडास. सावित्री मात्र कड्यावरून कोंकणांत उतरून बाणकोटापाशीं समुद्राला मिळते.

आतां या भूगोलाची कथा तेथील लोकांनीं कशी सांगितली तें पाहावें. ब्रह्मदेवाच्या यज्ञांत सावित्रीस यावयास विलंब झाला, तिच्या जागीं गायत्रीस बसविलें, सावित्री संतापली, शाप उच्चारले गेले. विष्णु कृष्णा झाला, शंकर वेण्णा झाला, ब्रह्मदेव कोयना झाला, आणि त्या दोघी स्वतःहि नद्या होऊन निराळ्या दिशेस वाहूं लागल्या. जलविभाजक रेषेच्या कोणत्या बाजूस कोणती नदी उतरते हें या कथेंत बिनचूक सांभाळलें आहे! त्याच देवळांत आणखी दोन धारांविषयीं श्रद्धा आहे: भागीरथी बारा वर्षांनीं प्रकट होते, सरस्वती साठ वर्षांनीं. म्हणजे या पठाराला स्वतःचें कालमानहि आहे. प्रतिसृष्टि रचणाऱ्यानें येथें एक सूत्र गांठीं बांधावें. प्रत्येक मोठ्या गोष्टीचीं दोन कारणें लिहून ठेवावींत. एक खरें कारण, आणि दुसरें तेथील आजीनें नातवंडांस सांगितलेलें. या दोहोंचें जेथें जुळतें तेथें जग खरें वाटूं लागतें, आणि जेथें जुळत नाहीं तेथें कथा सुरू होते.

तिसरी गोष्ट वाटांची. भिंतीला खिंडी असतात, आणि ज्याच्या हातीं खिंड त्याच्या हातीं कोंकण व देश यांमधली ये-जा. जावळीचें रान कोणाचें, हा प्रश्न म्हणूनच इतका मोलाचा होता. शिवाजीमहाराजांनीं १६५६ सालीं जावळी घेतली व प्रतापगड बांधावयास घेतला. १६५९ च्या नोव्हेंबरांत अफजलखानाची भेट झाली ती त्याच गडाच्या पायथ्याशीं. आमच्या नवोदित लेखकांस लढाई आवडते. परंतु ती त्याच जागीं कां झाली, याचें उत्तर नकाशाकडून मिळालें पाहिजे.

चौथी गोष्ट नांवांची. १८२९ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांच्याशीं झालेल्या करारानें ही जागा इंग्रजांकडे आली, आणि गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नांवानें माल्कमपेठ वसली. मढीमहालाला आर्थर सीट म्हणूं लागले, नाके खिंडीला केट्स पॉइंट. एकाच कड्याला दोन नांवें आहेत एवढें कळलें कीं तेथें कोण आधीं होतें व कोण नंतर आलें, हें न सांगतां कळतें. सनावळीचीं दहा पानें जें करीत नाहींत तें जुन्या-नव्या नांवांची एक जोडी करते.

आणि पांचवी गोष्ट, जी प्रतिसृष्टि रचणारे हटकून विसरतात, ती ओझें वाहणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकांत या थंड हवेच्या ठिकाणीं चिनी व मलायी कैदी ठेवले होते. साहेबांच्या टेबलावरचे बटाटे व विलायती भाजीपाला त्यांच्या हातचा. आज महाबळेश्वराचें नांव देशभर जिच्यामुळें घेतात त्या स्ट्रॉबेरीला २०१० सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पाहुण्यांच्या वाटींत पडणाऱ्या फळामागें कोणाचे हात आहेत हें जेथें विचारतां येतें, तें जग. जेथें नुसत्या मेजवान्या झडतात व भांडीं कोणी घांसलीं हें कळत नाहीं, तो देखावा.

एका नियमाचा संसार

हा धडा स्वतःच्या रचनेस कसा लावावा, याचा एक नमुना आम्ही येथें करून दाखवितों.

वाई व महाबळेश्वर यांमधला पावसाचा फरक आपण पाहिला. आतां एवढेंच ठरवूं कीं, आपल्या कल्पित पठारावर पावसाचा पट्टा स्थिर नाहीं. पठार वाटोळें आहे, त्याचा घेर साठ कोस. पावसाचा पट्टा बारा कोस रुंद आहे व तो दर वर्षीं एक कोस पुढें सरकतो. पाऊस पठाराला प्रदक्षिणा घालतो. बस्स, नियम एवढाच. यापुढें नवें कांहीं घालावयाचें नाहीं. जें निघेल तें यांतूनच काढावयाचें.

निघतें तें पाहा. कोणत्याहि जागीं पाऊस बारा वर्षें राहील आणि मग अठ्ठेचाळीस वर्षें फिरकणार नाहीं. म्हणून दर बारा वर्षांनीं गांव उठेल व बारा कोस पुढें जाऊन बसेल. प्रत्येक कुळाचीं पांच गांवें असतील; एक नांदतें आणि चार मिटलेलीं. लांकूड अठ्ठेचाळीस वर्षांत वाळवीच्या पोटांत जाईल, म्हणून घरें दगडाचीं आणि तुळया-कवाडें मात्र खांद्यावर घेऊन जाण्याजोगीं. जमिनीच्या खतांत सीमेबरोबर साल लिहावें लागेल. आंबा-फणस कोणी लावील काय? लावणाऱ्याला फळें मिळतील, पण त्याच्या डोळ्यांदेखत बाग सुकेल. तरीहि कोणी लावलाच, तर तो कसल्या स्वभावाचा माणूस असेल?

स्वयंपाकघरांत चला. पाऊस नुकता आलेल्या वर्षीं भात मुबलक. बाराव्या वर्षीं, पट्टा जवळजवळ सरून गेल्यावर, नाचणी व वरी. म्हणून त्या लोकांत बाराव्या वर्षाच्या मुलीचें लग्न साधेंच होत असेल, आणि पहिल्या वर्षींच्या लग्नांत साखरभाताचीं ताटें उठत असतील. ‘तिचें लग्न नाचणीच्या सालीं झालें’ एवढ्या वाक्यानें तिच्या सासरचा सारा मानपान कळेल. अशी म्हण आपोआप जन्मास येते; ती ओढूनताणून बनवावी लागत नाहीं.

आणि आतां माणूस. पाऊस आला त्या वर्षीं जन्मलेली मुलगी बाराव्या वर्षीं आपलें जन्मगांव सोडील, आणि पाऊस तेथें परत येईल तेव्हां ती साठ वर्षांची असेल. आपल्याकडे साठीची शांति करितात. संवत्सरांचें चक्रहि साठांचेंच. त्या पठारावर साठी म्हणजे माहेरीं परत जाणें. पण म्हातारीं माणसें वाटेंत थकतात. पांचवी मजल करण्याची ज्यांच्यांत ताकद नाहीं, त्यांना चौथ्या गांवीं, कोरड्या विहिरीच्या कांठीं, ठेवून जाण्याची चाल असली तर? आणि एखाद्या सुनेनें ती चाल पाळण्याचें नाकारलें तर? तिला सासूला पाठीवर घेऊन बारा कोस चालावें लागेल. येथें कोणा राक्षसाची गरज नाहीं, शापाची नाहीं, तलवारीची तर नाहींच. एका नियमानें आपल्याला एक सासू, एक सून व बारा कोसांची वाट दिली, आणि ती वाट कोणत्याहि रणांगणाहून अवघड आहे.

वाचकांनीं हा नमुना उचलावा असें आमचें म्हणणें नाहीं. रीत तेवढी उचलावी. एक नियम, त्याचे परिणाम छपरापर्यंत, चुलीपर्यंत व सोयरिकीपर्यंत नेणें, आणि तो नियम कोणाला सर्वांत जास्त जाचतो तें शोधणें. ज्याला जाचतो तोच आपला नायक.

महिन्याभराची तयारी

पैजेचा महिना उजाडण्यापूर्वीं चार आठवडे हाताशीं असावेत. रोजचा अर्धा तास पुरे.

पहिला आठवडा नियमाचा. एकाच वहींत उजव्या पानावर ‘ठरलें’ व डाव्या पानावर ‘ठरावयाचें’ असें लिहीत जावें. ठरलेली गोष्ट सोयीसाठीं बदलावयाची नाहीं. ती बदललीच तर तिच्यावर उभ्या असलेल्या सर्व गोष्टी पुन्हा तपासाव्यात. ही शिस्त जाचक वाटेल, पण पुढें तीच हात देते.

दुसरा आठवडा नकाशाचा. स्टीव्हन्सन यानें १८८१ सालीं स्कॉटलंडांतील एका पावसाळी मुक्कामांत सावत्र मुलाच्या करमणुकीसाठीं एका बेटाचा नकाशा काढला, आणि त्या नकाशांतूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी उभी राहिली. नकाशा सुबक नसला तरी चालेल. प्रमाण मात्र खरें असावें. पायीं चालणारा माणूस दिवसांत किती कोस जातो, ओझ्याचा बैल किती, घाट चढतांना किती, हें एकदां लिहिलें कीं निरोप कधीं पोंचेल व मदत कधीं येईल हें लेखकाच्या लहरीवर राहत नाहीं. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनीं आपल्या प्रचंड कथेसाठीं तारीखवार टिपणें ठेवलीं होतीं; चंद्राच्या कलाहि प्रवासाच्या दिवसांशीं जुळाव्यात अशी त्यांची खटपट असे.

तिसरा आठवडा घराचा. येथें आमच्या भगिनींचा अधिकार मोठा आहे. त्या जगांत सकाळीं प्रथम कोण उठतें, पाणी कोठून येतें, मीठ कोठून येतें, बाळंतिणीला काय देतात, सुतक किती दिवस, उसनें घेतलेलें परत कसें करितात. अशा पंचवीस प्रश्नांचीं उत्तरें लिहावींत. राजाच्या दरबाराचें वर्णन कोणीहि करील. पावसाळ्यांत ओलें सरपण धुमसूं लागलें म्हणजे घरांतल्या बाईचे डोळे कसे होतात, हें जिनें पाहिलें आहे तिच्या जगावर वाचक विश्वास ठेवील. आमच्या घरांतील हुशार मुलें बर्फानें झांकलेल्या देवदारांचीं व पंखांच्या सर्पांचीं राज्यें लिहितात. त्यांतील पुष्कळांनीं बर्फ फक्त पेटींतला पाहिला आहे! परक्या वस्तु वर्ज्य कराव्यात असा आमचा आग्रह नाहीं. पण जें आपल्या कातडीला ठाऊक आहे, धुकें, शेवाळ, चिकट वाऱ्यांत न वाळणारीं धोतरें, त्यावर रचलेली अद्भुतता लवकर पटते.

चौथा आठवडा नांवांचा व वाचनाचा. नांवें एका कुळांतलीं वाटावींत. घांटमाथ्यावरील खऱ्या नांवांकडे कान द्यावा: मेढा, भिलार, तापोळा, जावळी. आंखूड, ठोसर, दगडासारखीं. अशीं नांवें जेथें असतील तेथें दहा अक्षरी संस्कृत नांवाचा माणूस आला तर तो कोठून आला हें सांगावें लागेल. वाचनासाठीं भिलारला जावें असें आम्ही सुचवूं. महाबळेश्वर व पांचगणी यांमधलें हें स्ट्रॉबेरी पिकविणारें गांव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचें गांव’ झालें आहे. आरंभीं तेथील पंचवीस ठिकाणीं, बहुतेक गांवकऱ्यांच्या राहत्या घरांत, सुमारें १५,००० मराठी पुस्तकें मांडलीं होतीं. कोणीहि ओसरीवर बसावें व वाचावें. आणि हवामान, शेती, धातु, वस्त्रें यांविषयीं शंका आली तर वाईस संपादिलेला मराठी विश्वकोश हाताशीं आहेच.

कोठें थांबावें

या छंदांत एक घसरगुंडी आहे, तिची सूचना येथेंच देणें बरें. तयारी गोड लागते. नाण्यांचीं चित्रें, राजवंशांच्या याद्या, देवतांचीं नांवें यांत वर्षें निघून जातात व कथेचें एक पान होत नाहीं. म्हणून चार आठवड्यांनंतर वही मिटावी, आणि पैजेच्या महिन्यांत ती फक्त शंका आली तरच उघडावी. वहींतल्या दहा गोष्टींपैकीं एक कथेंत आली तरी पुरे. उरलेल्या नऊ वाचकाला दिसत नाहींत, पण लेखकाच्या हाताला त्यांचा आधार असतो.

किती न सांगतां जग उभें राहतें याचें उदाहरण मराठींतच आहे. धारवाडास इंग्रजीचें अध्यापन करणाऱ्या जी. ए. कुलकर्णी यांच्या १९७५ सालच्या ‘रमलखुणा’ या पुस्तकांत ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दोन दीर्घ कथा आहेत. त्या कोणत्या देशांत घडतात हें नकाशावर दाखवितां येणार नाहीं. सनावळी नाहीं, वंशावळ नाहीं. तरी त्या भूमीला स्वतःचा न्याय आहे हें वाचकाला पहिल्या पानांपासून जाणवतें.

घरांतील सर्वांनीं मिळून हा खेळ खेळावयाचा असेल तर इंग्लंडांतील हॉवर्थ गांवच्या ब्राँटी भावंडांची आठवण ठेवावी. १८२६ सालीं वडिलांनीं लांकडी शिपायांचा एक संच घरीं आणला. त्या शिपायांना नांवें देतां देतां मुलांनीं राज्यें उभीं केलीं: शार्लट व ब्रँवेल यांचें अँग्रिया, एमिली व ॲन यांचें गोंडल. तळहातांत मावतील अशा चिमुकल्या पुस्तिकांत, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांनीं त्या राज्यांचे वृत्तान्त लिहिले. शार्लटची ‘जेन एअर’ व एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबऱ्या १८४७ सालीं निघाल्या. हात मात्र बालपणींच्या त्या खेळांत वळला होता.

टोपणनांवाचा एक स्पर्धक

छंद म्हणून लिहिणाऱ्याला नेहमीं एक संकोच असतो: आपण कोण, आपलें कोण वाचणार? त्यांच्यासाठीं एक खरी हकीकत सांगून हा लेख पुरा करितों.

१९६६ सालीं स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. १९७४ सालीं तिच्याकडे नारायण विनायक जगताप या कोणा अपरिचित गृहस्थाची ‘कृष्णविवर’ नांवाची कथा आली व तिला पहिलें पारितोषिक मिळालें. जगताप म्हणजे प्रत्यक्षांत डॉ. जयंत विष्णु नारळीकर. स्वतःच्या नांवाचीं आद्याक्षरें उलट करून त्यांनीं हें नांव बनविलें होतें, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतली होती. त्या वेळीं ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत होते, पद्मभूषण होते, फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळें जगप्रसिद्ध होते. तरी मराठी कथेच्या दारांत त्यांनीं नवशिक्याच्या रांगेंत उभें राहणें पसंत केलें. पुढच्याच वर्षीं, १९७५ सालीं, याच सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडास भरलेल्या साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनीं या नव्या कथाप्रकाराचा गौरवानें उल्लेख केला. नारळीकर २०२१ सालच्या नाशिकच्या संमेलनाचे स्वतः अध्यक्ष झाले, आणि २० मे २०२५ रोजीं निवर्तले.

या हकीकतींत आम्हांला मोलाचें वाटतें तें असें. ज्याचें सारें आयुष्य विश्वाचे खरे नियम शोधण्यांत गेलें, त्यानें कल्पनेला हात घातला तेव्हांहि नियम सोडला नाहीं. कृष्णविवराच्या सान्निध्यांत काळ संथ वाहतो, हा भौतिकशास्त्राचा सिद्धान्त आहे. तो मानला कीं प्रश्न आपोआप उभे राहतात: तेथून परतलेल्या बापाची मुलगी त्याच्याहून वयानें मोठी झालेली असेल तर ती त्याला काय म्हणून हांक मारील? गणित जेथें संपतें तेथें घर सुरू होतें. पावसाचा पट्टा असो वा कृष्णविवर, रीत एकच.

तेव्हां ज्या वाचकांनीं यंदा पैज घेण्याचें मनांत आणिलें असेल त्यांनीं आजच एक वही घालावी, एक नियम लिहावा, आणि तो घरांतील सर्वांत वडील स्त्रीला वाचून दाखवावा. तिला एकच विचारावें: ‘असें असतें तर तुम्ही श्रावणांत काय रांधलें असतें?’ ती विचार करूं लागली तर खुशाल पुढें जावें. ती हंसून उठून गेली तर नियम बदलावा. दोन्ही प्रसंगीं तयारीचा पहिला दिवस सार्थकीं लागला असें समजावें.